डाव्या पेटीचं कुंकू

१

तीस वर्षं मी पिंपरीच्या एका कारखान्यात तपासणी विभागात काढली. दुसऱ्याने केलेलं काम मोजून बघायचं आणि चुकलं असेल तर लाल खडूने फुली मारायची, एवढाच माझा धंदा. त्यामुळे मित्र फारसे झाले नाहीत, पण एक सवय जडली. ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवायचा नाही, मोजायचं. सत्त्याण्णव साली कंपनीने आमच्यासारख्यांना पैसे देऊन घरी बसवलं. पुढच्याच ऑगस्टात माझी बायको कुसुम गेली. त्यानंतर बिबवेवाडीतल्या या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये मोजण्यासारखं काही उरलं नाही.

दुपार मात्र ठरलेली होती. एकला जेवण, दीडला भांडी विसळून पालथी, दोनला हॉलमधली माझी वेताची खुर्ची. समोरच्या भिंतीशी दोन स्पीकर. मी त्यांना पेट्याच म्हणतो, कारण पंचाहत्तर साली नारायण पेठेतल्या सुताराकडून सागवानी पेट्या करून घेऊन त्यांत सगळं मीच बसवलं होतं. दोन पेट्यांच्या मधे सहा फूट मोकळी भिंत, तिच्यावर कॅलेंडर. डाव्या पेटीशेजारी दिवाण. संध्याकाळी मी गाणी लावली की कुसुम पोळ्या अर्धवट टाकून यायची आणि त्या दिवाणावर बसायची, माझ्याकडे तोंड करून. गाण्याची एवढी ओढ असलेली बाई दुसरी पाहिली नाही, असं मी चारचौघांत कौतुकाने सांगायचो.

आता मी गाणी लावत नव्हतो. एकच कॅसेट लावायचो. ब्याऐंशी साली कुसुमची बहीण नलू मस्कतला होती. पत्राऐवजी कॅसेट बोलून पाठवायची तेव्हा पद्धत होती. कुसुमने दुपारी घरात एकटी असताना ही कॅसेट बोलली आणि पाठवलीच नाही. दुसरी बोलून पाठवली. ही मला ती गेल्यावर शिवणाच्या डब्यात तळाशी सापडली. कुसुमचा आवाज जगात तेवढाच शिल्लक आहे, पस्तीस मिनिटं. लोणच्यात मीठ जास्त पडल्याचं, प्रियूच्या शाळेचं, माझ्या तिरसटपणाचं. मधेमधे ती थांबते. मग म्हणते, "हो." पुन्हा थांबते. "ते चारला येतात. कंपनीची बस असते." एकदा म्हणते, "उभे का? बसा ना." आणि मग परत लोणचं. शेजारचं कोणी आलं असेल, असं मी धरून चाललो होतो.

खुर्चीचंही सांगायला हवं. आमचा हॉल भिंतीपासून भिंतीपर्यंत बारा फरश्यांचा. खुर्चीची पाठ भिंतीला टेकलेली आणि मागचे पाय बाराव्या फरशीवर, ही माझी शिस्त. पण कुसुम असताना ती रोज एक फरशी पुढे आलेली असायची. झाडताना ओढतेस आणि परत लोटत नाहीस, म्हणून मी तिला वर्षानुवर्षं ऐकवलं. ती उत्तर द्यायची नाही. आता झाडायला इंदुबाई येत. खुर्ची अजून पुढे यायची आणि मी इंदुबाईंना ऐकवायचो. त्या मात्र उत्तर द्यायच्या. "तुमच्या खुर्चीला मी बोट लावत नाय, काका. कडंकडंनं झाडते."

२

माझी मुलगी प्रियदर्शनी सॉफ्टवेअर कंपनीत आहे. गेल्या वर्षी साऱ्या जगाच्या कॉम्प्युटरांची तारीख दुरुस्त करत होती, आता बापाकडे वळली.

"बाबा, दसऱ्याला एक्स्चेंज ऑफर आहे. जुनं सगळं द्यायचं, पेट्या, अ‍ॅम्प्लिफायर, तो कॅसेटचा डबा. ते लोक गाडी घेऊन येतात, उचलून नेतात. नवीन होम थिएटर. दोन समोर, एक मधे, दोन मागे."

"मागे म्हणजे कुठे?"

"तुमच्या खुर्चीच्या मागे."

"खुर्चीच्या मागे भिंत आहे."

"मग खुर्ची पुढे ओढा की. आणि आईची कॅसेट तेजस सीडीवर करून देईल, काळजी करू नका."

तिच्या नवऱ्याने, तेजसने, माझ्या लग्नाचे फोटोही असेच कुठेसे करून द्यायला नेले होते, ते अजून तिकडेच आहेत. पण पेट्या खरंच थकल्या होत्या. कागदी पडद्याच्या कडा कुजून गेल्या होत्या आणि डाव्या पेटीत कुसुमच्या प्रत्येक 'स'ला कागद फाटल्यासारखा आवाज यायचा. दसरा शनिवारी होता. गाडीही शनिवारी. पंधरा दिवसांत ठरवायचं होतं.

मी रिक्षात पेट्या घालून नारायण पेठेत शंभूकडे नेल्या. त्याच्या दुकानाच्या दारावर पाटी आहे, 'येथे आवाज दुरुस्त होतो. गप्पा अन्यत्र माराव्यात.' साठीचा माणूस, कपाळावर भिंग.

"दुरुस्त करू की बदलू?" मी विचारलं.

"मला विचारताय? न्हाव्याला विचारावं, केस वाढलेत का म्हणून." त्याने पडद्यावर बोट फिरवलं. "नवे घेतलेत तर दहा वर्षं चालतील आणि दहा वर्षं तुम्ही म्हणाल, जुने बरे होते. हे दुरुस्त केलेत तर आणखी वीस वर्षं जातील. तुम्ही किती जाणार ते बघा आणि ठरवा."

मग त्याने पेन्सिल सेल घेतला. स्पीकर तपासायची ही जुनी रीत. मागच्या दोन स्क्रूंना सेलची दोन टोकं लावायची, बरोबर लावली तर पडदा टुपकन बाहेर येतो. उजव्या पेटीचा आला. डाव्या पेटीचा आत गेला. त्याने पुन्हा लावलं. पुन्हा आत.

"ही उलटी जोडताय तुम्ही."

"शक्य नाही. मी लाल खूण बघून जोडतो. दरवर्षी नवरात्रात साफसफाईला तारा काढतो आणि खूण बघून परत लावतो."

शंभूने पेटी फिरवून मला दाखवली. एका स्क्रूशेजारी लाल ठिपका होता, चांगला जाड. त्याने नखाने खरवडला, बोट नाकाशी नेलं. "हा रंग नाही हो. कुंकू आहे. तेलात कालवलेलं. कोणी लावलं?"

मला हसू आलं. खंडेनवमीला कारखान्यात आम्ही यंत्रांची पूजा करायचो आणि घरी कुसुम करायची. शिवणयंत्र, कात्री, मिक्सर आणि माझ्या पेट्या. तिने बोट भलतीकडे टेकवलं असणार आणि मी, लाल फुल्या मारणारा माणूस, ते कुंकू रंग समजून तारा जोडत आलो.

"उलट जोडल्याने होतं काय?"

"एक पेटी ढकलते तेव्हा दुसरी ओढते. मधलं सगळं खाऊन टाकतात एकमेकींचं. सरळ असलं तर एका माइकवर घेतलेला आवाज दोन्ही पेट्यांतून सारखा येतो आणि माणूस बरोबर मधे उभा असल्यासारखा वाटतो. मधे काही नसतं, पण वाटतो. उलटं असलं की मधे कोणी नाही. आवाज समोर नसतोच. कानामागून आल्यासारखा येतो." त्याने ब्लेड घेऊन कुंकू खरवडायला सुरुवात केली. ते एका थरात निघेना. एकावर एक, वर्षांचे थर होते. खाली पडलेली पूड त्याने फुंकून उडवली. "मात्र तो मधला माणूस फक्त तुमच्या खुर्चीतून दिसेल हं. जरा बाजूला सरकलात की तो जवळच्या पेटीत पळतो. सगळा कानाचा खेळ."

मी दुरुस्तीचं सांगून टाकलं. कुसुमला मधे बसवता येणार असेल तर गाडी गेली उडत.

३

घटस्थापनेच्या दिवशी पेट्या घरी आल्या. नव्या कडा, आणि बरोबर स्क्रूवर शंभूने लाल नळी चढवलेली. दोन वाजता मी कॅसेट लावली आणि खुर्चीत बसलो.

"नले, ऐकतेस ना गं?"

मी रडलो, हे लपवण्यात अर्थ नाही. कुसुम समोर होती. कॅलेंडरखाली, भिंतीला लागून, जमिनीवर पाय दुमडून बसलेल्या बाईच्या तोंडाच्या उंचीवर तिचा आवाज होता. पेट्यांतून तो येतच नव्हता, पेट्या जशा मुक्याच होत्या. बांगडी वाजली ती तिच्या हाताच्या जागी वाजली. दोन वर्षं मी तिचा आवाज ऐकत होतो पण ती नव्हती. आता ती होती, बारा फरश्यांवर.

लोणचं झालं, प्रियूची शाळा झाली. मग ती थांबली. ही थांबण्याची जागा मला पाठ होती. आजवर तिथे नुसती टेपची सळसळ असायची. आज तिथे श्वास होता.

तिचाच असेल, असं मी म्हटलं. पण तिचा श्वास मला माहीत आहे, छत्तीस वर्षं शेजारी झोपलो. हा लांब होता. तिच्या आवाजाहून दोन हात वर होता. म्हणजे उभ्या माणसाच्या तोंडाच्या उंचीवर.

"हो," कुसुम म्हणाली. "ते चारला येतात. कंपनीची बस असते."

मी कॅसेट बंद केली. अर्थात कोणीतरी आलेलंच होतं त्या दिवशी. दूधवाला, शेजारचं कोणी, पोस्टमन. माइकने त्यांचा श्वास घेतला, उलट्या तारांनी खाल्ला, सरळ तारांनी परत दिला. एवढं सोपं गणित. फक्त दार उघडल्याचा आवाज टेपवर कुठेच नाही, हे मला त्या रात्री अंथरुणावर पडल्यावर आठवलं.

४

दुसऱ्या दिवशी मी शिवणाच्या डब्यातला मोजायचा टेप घेतला. खुर्चीत बसून डोळे मिटायचे, आवाजाकडे काठी रोखायची, काठीची दिशा फरशीवर खडूने ओढायची. मग स्टूलावर चढून उंचावरून तेच. दोन्ही दिशा जिथे मिळतील ती आवाजाची जागा. कुसुमचा आवाज भिंतीशी, पहिल्या फरशीवर. श्वासाची जागा तिसऱ्या फरशीवर.

शनिवारी पुन्हा मोजलं. कुसुम पहिल्या फरशीवर. श्वास चौथ्या.

पेट्या हलल्या असतील म्हणून पाहिलं. त्यांच्या कडांना मी खडू मारून ठेवला होता, रेषा तशाच होत्या. आवाजाचं बटण तिथेच. कॅसेट रोज वाजवून ताणली जाते, म्हणून फरक पडत असेल. पण मग कुसुमही सरकायला हवी होती. ती आपल्या जागी लोणच्याचं सांगत होती.

एक गोष्ट चांगली झाली होती. पेट्या दुरुस्त होऊन आल्यापासून खुर्ची पुढे आलेली नव्हती. इंदुबाईंना अखेर शिस्त लागली, असं मी त्यांना म्हणालोही. त्या म्हणाल्या, "मी काय करतच नव्हते तर शिस्त कशाची लागती?" आणि रविवारी दसऱ्यापर्यंतची सुट्टी घेऊन गावाला गेल्या.

सोमवारी मला शंभूचं बोलणं आठवलं. मधला माणूस फक्त खुर्चीतून. बाजूला सरकलं की तो जवळच्या पेटीत पळणार. हे तपासायला काहीच लागत नव्हतं. कॅसेट लावून मी उठलो आणि उजव्या पेटीजवळच्या खिडकीत जाऊन उभा राहिलो. कुसुमचा आवाज तत्काळ उजव्या पेटीत गेला, अगदी शंभू म्हणाला तसा. मला वाईट वाटलं, कारण ती तिथे नव्हतीच, हे त्यावरून कळत होतं.

मग ती थांबण्याची जागा आली. श्वास पेटीत गेला नाही. तो पाचव्या फरशीवरच राहिला. खिडकीकडून हॉलमध्ये पाहता तो माझ्या डावीकडे होता, जिथे असायला हवा तिथे, जसा खोलीत उभा असलेला कोणीही असतो.

मी खिडकीची कडी घट्ट धरली होती. खाली रस्त्यावर भाजीवाला कोथिंबिरीवरून एका बाईशी भांडत होता. ते भांडण मी शेवटपर्यंत ऐकलं.

५

मंगळवारी मी कॅसेट लावलीच नाही. अ‍ॅम्प्लिफायरची पिनही काढून ठेवली. तीनच्या सुमाराला बेल वाजली. खालच्या मजल्यावरची नंदा होती, अमरावतीकडची, नवऱ्याच्या नोकरीपायी इकडे आलेली. उपासाचं काही केलं की मला वाटीभर आणून देते.

"काका, साबुदाण्याची उसळ आहे. भांडं रिकामं करून देता का, मले लगेच जायचं आहे."

"आत ओट्यावर ठेव," मी म्हणालो. दार नुसतं लोटलेलं होतं, मी खुर्चीतून उठलो नव्हतो.

आमच्या दारातून स्वयंपाकघरात जायचं तर सरळ रेषेत हॉलच्या मधून जावं लागतं. नंदा कितीतरी वेळा तशी गेली आहे. आज ती दोन पावलं आली, थांबल्यासारखी झाली आणि माझ्या खुर्चीच्या बाजूने वळसा घालून गेली. जाताना तिने ओढणी एका हाताने अंगाशी आवळून धरली, आपण पंगतीत बसलेल्याला पाय लागू नये म्हणून सावरतो तशी. येतानाही तसाच वळसा. मधे काहीही नव्हतं. नुसत्या फरश्या आणि माझ्या खडूच्या रेषा.

"नंदा, अशी कडेने का गेलीस?"

"कशी?"

"मधून जायचं सोडून."

तिने मागे वळून हॉलकडे पाहिलं आणि जरा गोंधळली. "मले नाही माहीत, काका. असं काऊन विचारून राहिले?" मग दारात चपला घालताना म्हणाली, "तुमच्याकडे कोणी आलं आहे, असं वाटलं बा."

ती गेल्यावर मी टाळी वाजवली. तपासणीत आम्ही पत्रा असाच वाजवून बघायचो, कुठे बद्द बोलतो ते. रिकाम्या हॉलमध्ये टाळी घुमायला हवी. डावीकडे तोंड करून वाजवली, घुमली. उजवीकडे, घुमली. समोर वाजवली, तर बद्द. समोर कपाट असावं तशी. मी सहा वेळा वाजवून पाहिली. मग हात मांडीखाली घेऊन बसलो.

६

बुधवारी सकाळच्या उजेडात मी डावी पेटी फिरवली आणि तपासणीचं जुनं भिंग काढलं.

पंचाहत्तर साली मी दोन्ही पेट्यांना खरोखरच्या लाल रंगाचे ठिपके दिले होते, हे मला पक्कं आठवत होतं. उजव्या पेटीचा अजून आहे. डाव्या पेटीवर तो ज्या जागी हवा होता तिथे भिंगातून लाकडावर रेघोट्या दिसल्या, बारीक, एकाच दिशेच्या. ब्लेडने खरवडलेल्या. शंभूने खरवडलं ते दुसऱ्या स्क्रूजवळ. इथलं काम जुनं होतं, रेघोट्यांत धूळ बसून काळी झाली होती.

कुसुमचं बोट चुकून पडलं नव्हतं. तिने माझी खूण आधी काढून टाकली आणि मग दुसरीकडे आपली लावली. दर खंडेनवमीला ताजी केली. पेट्या खाली ठेवल्या की ती म्हणायची, "डावीला हात लावू नका, तिची पूजा मी करीन." मी कौतुकाने बाजूला व्हायचो.

कधीपासून, तेही मला आठवलं. ब्याऐंशीच्या दिवाळीत मी अ‍ॅम्प्लिफायर उघडून बसलो होतो, कारण अचानक आवाजातलं भरीवपण गेलं होतं. दोन रविवार घालवले, दोष सापडला नाही. कॅसेट ब्याऐंशीच्या मेची. लोणच्याच्या दिवसांतली. म्हणजे मे ते दसरा, पाच महिने ती रोज दुपारी या हॉलमध्ये एकटी होती, आणि मी चारला येत होतो. तिने मला एका शब्दाने सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मी काय म्हणालो असतो, हेही मला माहीत आहे. मोजून दाखव, म्हणालो असतो.

त्या दुपारी मी खुर्चीत बसून हॉलच्या मधे बघत राहिलो. आता मोजायला कॅसेट लागत नव्हती. उन्हाची तिरीप खिडकीतून येऊन फरश्यांवर पडते. ती सहाव्या फरशीवर एका जागी तुटली होती. वीतभर, फार नाही. तिच्यापलीकडे ऊन पुन्हा नीट सुरू होत होतं. माझे पाय नवव्या फरशीवर होते.

म्हणजे प्रश्न साधा होता. तारा सरळ ठेवल्या तर कुसुम समोर बसणार होती, आणि तोही येणार होता, एकेक फरशी करत. उलट्या केल्या तर तो जाणार होता, आणि तीही. पुन्हा सगळीकडे पसरलेला आवाज, म्हणजे कुठेच नाही. गुरुवारचा पूर्ण दिवस मी कॅसेट न लावता, तरी तिच्यासमोर बसावं तसा बसून काढला. ऊन सातव्या फरशीवर तुटलं.

७

शुक्रवारी खंडेनवमी होती. मी अंघोळ करून कुसुमच्या करंड्यातलं कुंकू वाटीत घेतलं, तेलात कालवलं. डाव्या पेटीच्या तारा काढल्या, शंभूची लाल नळी कात्रीने कापून टाकली आणि कुसुम जिथे बोट टेकवायची तिथे बोट टेकवलं. तारा कुंकवाला बघून जोडल्या. "चुकलं माझं," असंही म्हणालो, मोठ्याने.

दोन वाजता खुर्ची भिंतीला नीट टेकवली, जाऊन कॅसेट लावली आणि येऊन बसलो.

कुसुम कॅलेंडरखाली नव्हती. तिचा आवाज विरून हॉलभर पांगला होता. वाईट वाटलं, पण छाती मोकळी झाली. हॉल रिकामा होता. उन्हाची तिरीप भिंतीपासून माझ्या पायांपर्यंत अखंड होती. मी समोर टाळी वाजवली आणि ती छान घुमली. आपल्या बायकोला आपल्यापेक्षा जास्त कळत होतं, हे मान्य करायला मला अठरा वर्षं लागली होती.

लोणचं झालं. प्रियूची शाळा झाली. ती थांबली.

श्वास माझ्या उजव्या कानामागे होता.

शंभू म्हणालाच होता, उलटं जोडलं की आवाज कानामागून आल्यासारखा वाटतो. सगळा कानाचा खेळ. खुर्चीमागे भिंत आहे. खुर्ची आणि भिंतीमधे पोस्टकार्ड सरकवायला जागा नाही. मी हे मनात दोनदा म्हटलं.

"उभे का?" कुसुम टेपवर म्हणाली. "बसा ना."

मग माझी नजर खाली गेली. माझे पाय आठव्या फरशीवर होते. खुर्चीचे पुढचे पाय नवव्या. ते दहाव्यावर असायला हवे होते. इंदुबाई रविवारपासून गावाला होत्या.

हात मागे नेऊन भिंत लागते का बघणं अगदी सोपं होतं. मी मोजणारा माणूस. मी हात मागे नेला नाही.

मी समोरच्या दिवाणाकडे बघत राहिलो. ब्याऐंशीपासून ती शेवटची आजारी पडेपर्यंत, मी या खुर्चीत बसलो की कुसुम हातातलं काम टाकून तिथे येऊन बसायची. तव्यावरची पोळी करपली तरी उठायची नाही. मी उठेपर्यंत बसायची. तिला गाणी आवडायची नाहीत, हे मला आत्ता कळलं. आणि ती माझ्याकडे बघत नव्हती. ती माझ्या खांद्यावरून मागे बघायची, पापणी न हलवता, पोरं खेळतात त्या रस्त्याच्या कडेला बसलेल्या कुत्र्यावर आई जशी नजर ठेवते तशी. सोळा वर्षं तिने नजर ठेवली. दिवाण रिकामा होता. आता तिथे बसायला कोणी नव्हतं.

कॅसेट संपली. बटण खटकन वर आलं. श्वास चालू होता.

फोन वाजला. तो खुर्चीशेजारी स्टूलावरच असतो, उठावं लागलं नाही.

"बाबा, उद्या अकराला गाडी येईल," प्रियू म्हणाली. "तुम्ही जुन्या पेट्या दुरुस्त केल्यात तरी हरकत नाही, ते घेतात. आम्ही पण येतोय दसऱ्याचं जेवायला. खुर्चीमागचे दोन मी स्वतः बसून लावून देते."

"येऊ नकोस," मी म्हटलं.

"आता काय झालं?"

"गाडीही पाठवू नकोस. पेट्या इथेच राहू देत."

"अहो पण बाबा, ठरलं होतं ना? तुम्ही खुर्ची पुढे घ्या, बाकी मी बघते."

मी आवाज शक्य तेवढा नेहमीसारखा ठेवला. मान वळवली नाही. दिवाणावरची चादर जिथे ती बसायची तिथे अजून जराशी दबलेली आहे, तेवढ्या जागेकडे बघत राहिलो.

"प्रियू," मी म्हटलं, "मागे जागा नाही."